अर्धं जळालेलं घर

सिंगापूरच्या कंपनीने जेनायला नोकरी पक्की केली आणि त्याच आठवड्यात तिचं लांबघर जळालं.

जेनाय कुचिंगच्या विद्यापीठात आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचं गाव नदीच्या वरच्या अंगाला, अर्धा दिवस बसने आणि पुढे होडीने. गाव म्हणजे एकच घर. एका छपराखाली वीस-बावीस बिऱ्हाडं, प्रत्येकाचं दार वेगळं, आणि सगळ्या दारांपुढून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली एकच ओसरी. लग्नं त्या ओसरीवर, भांडणं त्या ओसरीवर, मयताची रात्रही तिथेच. एका बिऱ्हाडातली जुनी वायर पेटली आणि जेवणवेळेपर्यंत नुसते काळे खांब उरले. माणसं शेतावर होती म्हणून वाचली.

जेनाय धावत घरी गेली. लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते, आई तीन दगडांच्या चुलीवर भात शिजवत होती. कुचिंगला परत आल्यावर ती थेट हसना मॅडमच्या खोलीत गेली. हसना मॅडम तिच्या अंतिम प्रकल्पाच्या मार्गदर्शक. कडक बाई. त्यांनी चष्मा वर केला की पोरं आपणहून चुका सांगायला लागायची.

"मॅडम, मला प्रकल्पाचा विमानतळ सोडून द्यायचाय."

"वर्षभर त्या विमानतळाचे नकाशे काढलेस, आणि आता सोडतेस?"

"आमचं घर बांधायचंय. जळणार नाही असं."

मॅडमनी चष्मा वर केला. "परीक्षा तोंडावर आलीय जेनाय. नापास झालीस तर मी मधे पडणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

"नका पडू."

तिने झोप गुंडाळून ठेवली. दर चार बिऱ्हाडांनंतर एक जाड विटांची भिंत, छपराच्याही वर डोकं काढणारी, म्हणजे आग एका गाळ्यातून दुसऱ्या गाळ्यात उडी मारणार नाही. पण भिंतीने ओसरी तोडली तर ते लांबघर कसलं? म्हणून भिंतीत ओसरीएवढा रुंद दरवाजा आणि त्यावर गुंडाळलेलं लोखंडी शटर. मॉडेल तिने खऱ्या लाकडाचं केलं, भिंती सिमेंटच्या ओतल्या, आणि छपरासाठी सरबताचे रिकामे डबे कापून पत्रे बनवले.

तेवढ्यात आईचा फोन आला. गावाचा मुखिया एंतलाय सभा घेणार होता. नव्या पिढीला आता लांबघरच नको होतं. शहरासारखी सुटी घरं हवी होती. जेनायने मॉडेल खोक्यात घातलं आणि ते मांडीवर घेऊन बसमध्ये बसली.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर सगळे चटयांवर बसले. एंतलाय म्हणाला, "सुटी घरं बांधली तर एकाचं जळेल, दुसऱ्याचं वाचेल. यात काय खोटं आहे?" तरुण पोरांनी माना डोलावल्या. म्हातारी मंडळी चटयांच्या काड्या उसवत बसली.

जेनायने मॉडेल मधे ठेवलं आणि भिंतींचं सगळं समजावून सांगितलं. पहिली बोलली ती सुलाव आजी. गावातली सगळ्यात म्हातारी, आणि सगळ्यात तिखट.

"घर छान आहे गं पोरी. पण ही भिंत आहे, हे आगीला कळतं का?"

हशा पिकला. जेनायचे कान तापले. परीक्षा पंधरा दिवसांवर होती आणि दुसरं मॉडेल बनवायला ना वेळ होता ना सामान. तिने एकदा आईकडे पाहिलं.

"काडेपेटी द्या."

"काय करतेस?" बापाने, संगाऊने, दरडावलं. "परीक्षेचं आहे ना ते?"

"आजी, मी पेटवते. तुम्ही शटर पाडा."

सुलाव आजी पुढे सरकली. जेनायने कडेच्या गाळ्याला काडी लावली. सुकं लाकूड, भुरकन पेटलं. आजीने बोटाने पत्र्याचं इवलंसं शटर खाली ओढलं. ज्वाळा भिंतीपर्यंत आल्या, अंगावर धावून गेल्या, वरून डोकावल्या. एक ठिणगी पलीकडच्या छपरावर पडली आणि सगळ्या सभेने श्वास रोखला. पत्र्यावर ती काळी पडली, विझली. कडेच्या गाळ्याची राख झाली. बाकी घर जागच्या जागी उभं होतं.

असं जाळून जेनायने आधी कधी पाहिलंच नव्हतं.

"कळलं बाई आगीला," सुलाव आजी म्हणाली. "आता या गाढवांना कळलं का, विचार."

एंतलायने खाकरून घसा साफ केला. "हात वर करा. लांबघर कुणाला हवंय?" पोरांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग एकेक करत सगळे हात वर गेले.

परीक्षेला ती तेच मॉडेल घेऊन गेली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नाक मुरडलं. "प्रवासात काही अपघात झाला का?"

"नाही सर. लोकांनी पुरावा मागितला, म्हणून मीच जाळलं."

"आणि सगळंच जळलं असतं तर?"

"तर आज इथे आले नसते. दुसरं घर आखत बसले असते."

परीक्षक उठून मॉडेलभोवती फिरले. "खऱ्या घरात शटर पाडायला माणूस हवा. सगळे शेतावर असले तर?"

"माणूस नको, सर. वरची कडी अशा धातूची, की उष्णता लागली की वितळते. शटर आपोआप खाली येतं."

परीक्षकांनी वाकून त्या काळ्या भिंतीवरची काजळी नखाने खरवडून पाहिली. निकालात जेनाय वर्गात पहिली आली.

हसना मॅडमनी तिला बोलावलं. "परवाना मिळेपर्यंत तुझ्या सहीवर घर उभं राहायचं नाही. माझं स्वतःचं ऑफिस आहे, तिथे ये, तुमच्या घराच्या नकाशावर सही मी करीन. पगार सिंगापूरच्या जवळपासही जाणार नाही, आणि माझा स्वभाव तुला माहीत आहे."

"स्वभावाची सवय झालीय, मॅडम."

आता उरला होता बाप. तरुणपणी संगाऊ दर्यापार फिरला होता, तेलविहिरींवर आणि जहाजांच्या गोद्यांत राबला होता, आणि प्रत्येक ठिकाणचं गोंदण दंडावर घेऊन आला होता. आपल्यात घर सोडून लांब जाईल त्याचंच नाव होतं, हे तो तिला लहानपणापासून सांगत आला होता. सिंगापूरची बातमी त्याने नदीकाठच्या प्रत्येक गावात पोचवली होती.

"आता तोंड कुठे लपवू मी?" होडीच्या धक्क्यावर तो कडाडला. "लोक म्हणतील, संगाऊची पोर घाबरली. घरकोंबडी निघाली!"

"बाबा, तुम्ही गेलात तेव्हा परत यायला घर होतं."

दंडावर गोंदलेल्या एका जुन्या फुलावरून संगाऊने अंगठा फिरवला. पलीकडे काळे खांब अजून तसेच उभे होते.

"त्या सिंगापूरवाल्यांना कळवलंस?"

"कळवलं. थांबणार नाही म्हणाले."

"मग नुकसान त्यांचं," तो म्हणाला, आणि तिची पिशवी उचलून होडीत ठेवली.

पदवीदानाला अख्खं गाव होड्या आणि मिनीबस करून आलं. सभागृहात फक्त आईबापांना जागा होती. बाकीचे बाहेर मांडवात, मोठ्या पडद्यापुढे. संगाऊने धनेश पक्ष्याची पिसं खोवलेला टोप घातला होता, आणि मागच्या रांगेतल्या बाईला स्टेज दिसत नव्हतं. ती दोनदा बोलली. त्याने टोप काढला नाही.

"जेनाय अनाक संगाऊ!"

संगाऊची लेक जेनाय. त्यांच्यात पोरीच्या नावाला बापाचं नाव असंच जोडतात. ते नाव कर्ण्यातून सगळ्या सभागृहभर घुमलं, आणि संगाऊ ताडकन उभा राहिला.

"अहो, बसा! तिला बोलावलंय, तुम्हाला नाही!" आईने त्याचा सदरा ओढला.

"माझंही नाव घेतलंय," तो म्हणाला, आणि उभाच राहिला.

काळ्या झग्यातली जेनाय स्टेजवर चढली. बाहेरच्या मांडवातून लढाईला निघाल्यासारखी आरोळी उठली, आणि त्यात सगळ्यांच्या वर सुलाव आजीचा आवाज होता.