राखून ठेवलेली श्रद्धांजली

"मान जरा वर, सर," मेकअपवाली म्हणाली आणि प्राध्यापकांच्या टकलावर पावडर थापू लागली. टक्कल चमकलं की कॅमेऱ्याला त्रास होतो, हे त्यांना आता पाठ झालं होतं.

दारातून निर्माती डोकावली. चर्चेच्या कार्यक्रमाची जुळवाजुळव तीच करायची आणि कायम घाईत असायची. "सर, चर्चेआधी एक छोटंसं काम. तुमचे मास्तर अ‍ॅडमिट आहेत ना? डॉक्टरांनी आशा सोडलीय म्हणे. त्यांच्यावर दोन मिनिटं बोलून ठेवता?"

"अजून गेलेले नाहीत ते."

"हो ना, म्हणूनच. गेल्यावर नुसती पळापळ होते."

वाहिनीचा तो रिवाजच होता. आजारी पुढारी, थकलेले नट, नव्वदीतले गायक, सगळ्यांच्या श्रद्धांजल्या कपाटातल्या कपड्यांसारख्या घडी घालून तयार असत. प्राध्यापकांनी स्वतः काहीजणांना असं आधीच पोचवलं होतं, त्यातले दोघे अजून ठणठणीत होते. ते कॅमेऱ्यासमोर बसले आणि एका दमात बोलले. एक पर्व संपलं, न भरून निघणारी पोकळी, चालतंबोलतं विद्यापीठ. कुठेही अडखळले नाहीत. निर्माती खूश झाली.

एकेकाळी हाच माणूस अडखळण्याबद्दल प्रसिद्ध होता. राज्यशास्त्र शिकत असताना तो मास्तरांच्या हाताखाली मतदारांच्या पाहण्या करायचा. कुणाला मत देणार, या प्रश्नाला 'माहीत नाही' म्हणणाऱ्यांना इतर अभ्यासक सरळ वगळायचे. मास्तर नेमकं त्यांच्याच दारात त्याला परत पाठवायचे. "आणि हे बघ, मत विचारू नकोस. मत विचारलं की माणूस ऐकीव काहीतरी ठोकून देतो. आज सकाळपासून काय काय केलंत, एवढंच विचार आणि गप्प बस." तो गप्प बसायचा. माणसं नळाच्या पाण्यापासून सुरुवात करायची, सुनेच्या आजारपणावर यायची, बंद पडलेल्या कारखान्यावर यायची आणि कधीतरी मतापर्यंत पोचायची. या 'माहीत नाही'वाल्यांवरच त्याने प्रबंध लिहिला. मास्तर कुणाचं कौतुक करत नसत. प्रबंध वाचून त्यांनी त्याला चहा पाजला होता.

टीव्हीवर पहिल्यांदा बोलावलं तेव्हा निवेदकाने विचारलं, कोण जिंकणार? प्राध्यापक खरं तेच म्हणाले, "माहीत नाही." त्यानंतर बरेच दिवस त्यांना कुणी विचारलं नाही. पुढच्या खेपेला ते शहाणे झाले. मग तर प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार असायचं, आणि अंदाज साफ चुकला तरी तो का चुकला हेही ते तितक्याच ठामपणे सांगायचे. रस्त्यात लोक ओळखू लागले. प्राध्यापकांना ते आवडत होतं, उगाच नाही कशाला म्हणायचं.

"टीव्हीवर तुम्हाला जगाचं सगळं माहीत," बायको म्हणायची, "आणि घरात दूध संपलंय तेवढं नाही."

मास्तरांनी डॉक्टरांना तोंडघशी पाडलं आणि पंधरवड्यात ते घरी आले. प्राध्यापक भेटायला गेले तेव्हा ते खिडकीशी खुर्चीत बसले होते. मुलगी चहा ठेवून आत गेली.

"काय रे, माझ्यावर बोलून ठेवलंस की नाही?" मास्तरांनी विचारलं.

प्राध्यापक गडबडले. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? तुमचा धंदा कळतो मला. ऐकव."

निर्मातीने पाठवलेली क्लिप फोनवर होती. मास्तरांना नाही म्हणायची हिंमत प्राध्यापकांना कधीच झाली नव्हती. मास्तरांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"छान बोलतोस," ते म्हणाले. "पण गेलं कोण?"

"सर..."

"चिडलो नाही रे. खरंच कळलं नाही मला. हे तू कुणावरही खपवशील. ते चालतंबोलतं विद्यापीठ माझ्या ओळखीचं नाही." त्यांनी चहाचा घोट घेतला. "पुन्हा बोल. घाई नाही, मी आहे अजून."

प्राध्यापकांचे कान तापले. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण ती सवय गेली होती. "या आठवड्यात नक्की," ते म्हणाले.

निर्मातीही "करू ना, सर" म्हणाली. मग पोटनिवडणूक लागली, मग एक सरकार पडता पडता राहिलं. आठवण रोज व्हायची आणि रोज उद्यावर जायची. खरं कारण वेगळंच होतं. अंघोळ करताना, गाडीत बसल्यावर ते वाक्यं जुळवून बघत आणि प्रत्येक वाक्य त्याच कपाटातलं निघे. ज्या माणसाने आपल्याला घडवलं त्याच्याबद्दल आपल्याकडे स्वतःचं असं एक वाक्य नाही, या विचाराने ते घाबरले होते.

त्या संध्याकाळी ते चर्चेसाठी स्टुडिओत बसले होते, शर्टाला माईक लागला होता. निर्माती धावत आली. "सर, मास्तर गेले. दुपारी. तुमची क्लिप लावतोय लगेच."

"ती नको. मी बोलतो."

"अहो सर, ती छान झालीय..."

"मी बोलतो म्हटलं ना!" कॅमेरा बंद असताना त्यांचा आवाज तिथे पहिल्यांदाच चढला. निर्मातीने निवेदकाला खूण केली.

निवेदक गंभीर चेहरा करून वळला. "सर, तुम्ही त्यांचे सर्वांत जवळचे विद्यार्थी. त्यांनी आपल्याला नेमकं काय दिलं?"

पर्व, पोकळी, विद्यापीठ, तिन्ही जिभेच्या टोकावर येऊन उभी राहिली. प्राध्यापकांनी ती गिळली.

"माहीत नाही," ते म्हणाले.

पुढे काही येईल म्हणून सगळे थांबले. आलं नाही. "सर भावुक झाले आहेत, आपण समजू शकतो," निवेदक म्हणाला, आणि पडद्यावर क्लिपमधले प्राध्यापक न अडखळता बोलू लागले. खुर्चीतल्या प्राध्यापकांनी माईक काढून टेबलावर ठेवला.

"सर, चर्चा राहिलीय!"

"मला जायला हवं," म्हणून ते निघाले.

जिन्यात बायकोचा फोन आला. "बघितलं मी," ती म्हणाली. "मास्तरांकडे निघालात ना? जा. मी मागून येते."

मास्तरांना आतल्या खोलीत ठेवलं होतं. प्राध्यापक त्यांच्या पायाशी थोडा वेळ उभे राहिले आणि बाहेर आले. खिडकीजवळच्या खुर्चीत कुणीच बसलं नव्हतं, जमलेले लोक भिंतीला टेकून होते. मुलगी दुपारपासून तेच तेच ऐकून दमलेली दिसत होती.

"तुमची ती क्लिप शेजाऱ्यांनी दाखवली," ती म्हणाली. "छान बोललात." तिने ते मनापासून म्हटलं, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

तोंडावरची पावडर तशीच होती, घामाबरोबर कॉलरवर उतरत होती. ते तिच्यासमोरच्या स्टुलावर बसले. चार शब्द धीराचे बोलतील म्हणून ती खाली मान घालून थांबली.

"आज सकाळपासून," त्यांनी विचारलं, "काय काय केलं त्यांनी?"

तिने वर पाहिलं. हे तिला कुणीच विचारलं नव्हतं.

"सकाळी ना," ती म्हणाली, "आधी खिडकी उघड म्हणाले. मग चष्मा सापडेना म्हणून माझ्यावरच ओरडले. तो निघाला त्यांच्याच खिशात..."

प्राध्यापक गप्प बसून ऐकत राहिले.