झाकणाचा अर्धा फेरा

मामाचं काम जिवाणूंसाठी जेली शिजवायची आणि प्लेटी भरायच्या. उरलेला वेळ खोड्या. लॅबच्या मुख्य सरांची खुर्ची तो रोज बोटभर खाली करत गेला होता. गुडघे हनुवटीला टेकायला लागले तेव्हा सर हाडांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. सख्खी भाची याच लॅबमध्ये पीएचडीला आली, आणि तिचं ऐकून सगळेच त्याला मामा म्हणायला लागले. अख्ख्या लॅबला मामा बनवणाऱ्या माणसाला हे नाव भारीच आवडलं.

भाचीचं काम नाकाचं. जिवाणूच्या अंगावर रिसेप्टर असतात. त्यांनी वास घेतल्यासारखं करत तो खाण्याकडे पोहत जातो. तिने एक नवा रिसेप्टर जोडून बनवला होता. बाहेरचा अर्धा भाग परक्या जिवाणूचा, कीटकनाशक ओळखणारा. आतला अर्धा तिच्या जिवाणूचा, शेपटीला हुकूम सोडणारा. उद्या हेच जिवाणू पाण्यातलं विष हुडकून देतील, असं ती सांगायची. परीक्षा सोपी होती. प्लेटीत मधोमध जिवाणू, एका कडेला विषाचा थेंब, समोरच्या कडेला साध्या पाण्याचा. सकाळी जिवाणूंचं पांढुरकं वर्तुळ विषाकडे फुगलेलं दिसलं की जिंकली. तिची शिष्यवृत्ती वाढवायची की नाही, ते समिती ही प्लेट बघूनच ठरवणार होती.

पण पोरीला एक खोड. 'विष' आणि 'पाणी' ती झाकणावर लिहायची. झाकण फिरतं गं, तळावर लिही, असं सांगून मामाची जीभ झिजली. ती हो हो म्हणायची आणि पुन्हा झाकणावरच लिहायची. म्हणून समिती येणार त्या दिवशी मामा सगळ्यांच्या आधी आला आणि त्याने झाकण अर्धा फेरा फिरवून ठेवलं. ती गोंधळेल, आपण पोट धरून हसू, झाकण परत जागेवर, जन्माची अद्दल. बेत एकदम फक्कड.

तेवढ्यात गॅसचे सिलिंडर उतरवून घ्यायला त्याला खाली बोलावलं. वर येऊन बघतो तर प्लेट समितीसमोर. वर्तुळ 'पाण्या'कडे फुगलेलं. रिसेप्टर उलटाच चाललाय, असं सर सांगत होते आणि भाची मान खाली घालून कबूल करत होती की जोड चुकीच्या जागी दिला गेला असणार.

"सर, झाकण मी फिरवलंय," मामा म्हणाला.

मागून कोणीतरी खुदकन हसलं. सरांनी मामाकडे नुसतं पाहिलं. खुर्चीची भानगड त्यांना मागेच कळली होती.

"भाचीसाठी बोलताय, मामा."

मामाने शपथा घेतल्या. आयुष्यात पहिल्यांदाच तो इतकं खरं बोलत होता आणि नेमकं तेच कोणाच्या गळी उतरत नव्हतं. दोन्ही थेंब केव्हाच जेलीत जिरले होते, वरून दोन्ही कडा सारख्याच. समितीतल्या बाई म्हणाल्या, खरं असो नाहीतर खोटं, ही प्लेट आता कामाची नाही. पुढच्या आठवड्यात नवीन दाखवा. तेव्हाही हेच झालं तर विषय संपला.

जिन्यात मामाने भाचीला गाठलं. माफी मागायला तोंड उघडलं, तर तीच आधी बोलली.

"आईला यातलं काही सांगू नकोस हं. ती तुझ्याशी बोलायची बंद होईल."

त्यापेक्षा तिने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मामा तिथेच पायरीवर बसला.

नव्या प्लेटीची जेली तिने स्वतः शिजवली. काही आणू का, असं मामाने दारातूनच विचारलं. राहू दे, म्हणाली. निकालाच्या दिवशी तो बाहेर व्हरांड्यात धुतलेल्याच बाटल्या पुन्हा धूत उभा राहिला. आत एकदम गलका झाला. मग ती प्लेट घेऊन बाहेर आली. खुणा तळावर होत्या, झाकण चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद. वर्तुळ विषाकडे फुगलं होतं, चांगलं टम्म.

"बघ ना मामा," म्हणत तिने प्लेट पुढे केली.

मामाने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि वाकून पाहिलं.