वाईट काय आहे त्याच्यात?

मी एक जुनी खुर्ची आहे. दंतवैद्याच्या दवाखान्यातली. मित्रांनो, एवढं ऐकूनच तुमचा हात गालावर गेला ना? मला सवय आहे. माझ्याकडे हसत हसत आजवर कुणीही आलेलं नाही, आणि त्याचा मला राग नाही. माझा राग एका वाक्यावर आहे. ते वाक्य बोलणारे लोक दात दाखवायला येत नसत. ते नुसते येऊन बसत आणि बोलत.

पण आधी माझ्याबद्दल सांगते. एका मोठ्या कारखान्यात ओतीव लोखंडाची जड बैठक तयार झाली, ती माझी कंबर. तिच्यात तेलाचा पंप बसवला. बाजूची दांडी पायाने दाबली की मी हळूहळू वर उचलली जायचे, सोडली की सुस्कारा टाकत खाली. वरून लालसर रेक्झीन चढवलं, डोकं टेकायला दोन गोल गाद्या दिल्या. लाकडी खोक्यातून मी या दवाखान्यात आले तेव्हा मोठे डॉक्टर मला बघून इतके खूश झाले, की आधी ते स्वतःच बसले आणि बायकोला म्हणाले, "उचल मला!" पुढची सव्वीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून काम केलं. लोक म्हणायचे, "डॉक्टर, तुमची खुर्ची फार आरामाची हो." दाढ काढायला आलेला माणूस असं म्हणतो तेव्हा ती साधी स्तुती नसते.

मोठे डॉक्टर गेल्यावर त्यांची मुलगी दवाखाना बघू लागली. हात वडिलांपेक्षाही हलका. मदतीला काकू होत्या, मोठ्या डॉक्टरांच्या वेळेपासूनच्या. त्या हत्यारं उकळायच्या, रुग्णांची नावं पुकारायच्या, रडणाऱ्या मुलांचा हात धरायच्या. बोलायच्या कमी. चाळीस शब्दांत त्यांचा दिवस भागायचा.

डॉक्टरीणबाई सदतीस वर्षांच्या झाल्या आणि माझ्या कटकटी सुरू झाल्या. गुरुवारी दुपारी दवाखाना बंद असायचा. त्या वेळात त्यांचे दादा यायचे. फरशांचं दुकान होतं त्यांचं. खोलीत धड बसण्यासारखी मी एकटीच, म्हणून बुटांसकट माझ्यावर पसरायचे. आई स्टुलावर बसायच्या. मग बोलणं निघायचं.

"हा शेवटचा," एकदा दादा म्हणाले. "याच्यापुढे मी शोधणार नाही."

"मी कधी म्हटलं शोध म्हणून?"

"वाईट काय आहे त्याच्यात? नोकरी आहे, घर आहे, व्यसन नाही."

"दादा, मी दवाखान्यात झाडायला बाई ठेवते ना, तेव्हाही यापेक्षा जास्त चौकशी करते."

"अगं, सगळंच कसं मिळेल?" आई कळवळून म्हणाल्या. "तुझे बाबा तरी कुठे सगळे गुण घेऊन आले होते? थोडं चालवून घ्यायचं असतं."

"सगळं मागतंय कोण, आई? ज्याच्याशी बोलायच्या आधी मला मनातल्या मनात वाक्य तपासून बघावं लागणार नाही, असा माणूस हवाय. बस. एवढंच."

"म्हणजे राजपुत्र हवाय," दादा म्हणाले आणि माझी दांडी विनाकारण दोनदा दाबली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपाय नाही, ओतीव लोखंड आहे. तेच तापलं. तिकडे काकू पाठमोऱ्या उभ्या राहून हत्यारं पुसत होत्या.  त्यांचा जबडा हलत होता.

डॉक्टरीणबाई अशा सहजी नमणाऱ्या नव्हत्या. पण त्या वर्षी त्यांना ताप आला. आई दादांकडे राहायच्या, त्यामुळे पाच दिवस त्या घरी एकट्या पडून होत्या. तिसऱ्या दिवशी पाणी प्यायला उठल्या आणि स्वयंपाकघरातच घेरी येऊन पडल्या. कितीतरी वेळ तशाच पडून होत्या. संध्याकाळी काकू सूप घेऊन गेल्या तेव्हा कुठे कुणाला कळलं. बऱ्या होऊन आल्या, माझ्यावर येऊन टेकल्या आणि छताकडे बघत म्हणाल्या, "काकू, थंडगार फरशीवर पडल्यावर माणसाला आदर्श वगैरे काही आठवत नाही हो. नुसतं कुणीतरी असावं असं वाटतं."

त्याच आठवड्यात त्यांनी दादांना होकार कळवला.

तो माणूस विमा कंपनीत अधिकारी होता. बेचाळीस वर्षांचा, नीटनेटका, वेळ पाळणारा. सहा महिने तो दर शनिवारी दवाखान्यात यायचा. मला बघून पहिल्याच दिवशी म्हणाला, "हे भंगार अजून ठेवलंय तुम्ही?" ते मी मनाला लावून घेतलं नाही. बरं, घेतलं. पण म्हणून तो वाईट होता असं मी म्हणणार नाही. तो दोघांची घरं, कुणाचं भाड्याने द्यायचं, दवाखाना घराजवळ आणता येईल का, असं सगळं शांतपणे बोलायचा. आणि शेवटी म्हणायचा, "आपलं जमून जाईल."

डॉक्टरीणबाई त्यावर हसायच्या. ते हसू मी ओळखते. सुई टोचण्याआधी लहान मुलांना दाखवायचं हसू आहे ते.

तारीख ठरली. पत्रिका छापायला गेल्या. आणि लग्नाला तीन आठवडे उरले असताना एका सकाळी काकूंची दाढ तुटली. मऊ पाव खाताना. अर्धी दाढ त्यांच्या तळहातावर आली.

"बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

इतक्या वर्षांत काकू पहिल्यांदाच माझ्यावर बसल्या. त्यांचं वजन असं काहीच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी दिवा ओढला, आरसा आत घातला. खालचे दात पाहिले, वरचे पाहिले, पुन्हा खालचे. एकाही दाढेला टोक उरलं नव्हतं. सगळे दात घासून घासून सपाट झालेले, जणू कुणी कानस चालवली होती.

"काकू, तुम्ही झोपेत दात खाता. कधीपासून?"

"काय माहीत."

"घरात कुणाला आवाज आला नाही?"

"घरात कोण आहे ऐकायला?"

"काका आहेत ना?"

काकूंनी डोळे मिटले. मग उघडले. मग, मित्रांनो, ज्या बाईचा दिवस चाळीस शब्दांत भागायचा, ती उठून बसली. माझ्या हातांवर तिची बोटं इतकी घट्ट आवळली गेली की रेक्झीनला चीर पडली.

"एकतीस वर्षं झाली मला! मलाही हेच सांगितलं होतं. वाईट काय आहे त्याच्यात? आणि वाईट काही नाहीच! हात उगारत नाही, पीत नाही, पगार आणून देतो. वाईट असता तर सोडला असता मी त्याला. चार लोक माझ्या बाजूने उभे राहिले असते. चांगल्या माणसाची तक्रार कुणाकडे करायची, सांग ना? एकतीस वर्षांत त्याने मला एक प्रश्न विचारलेला नाही. भाजीत मीठ कमी आहे एवढंसुद्धा म्हणत नाही, मुकाट्याने खातो!"

"काकू..."

"थांब! माझं होऊ दे. मला कुणी विचारलंच नव्हतं, उभी केली आणि लावून दिलं. तुला विचारतायत. तुझ्या हातात विद्या आहे, स्वतःचा दवाखाना आहे. आणि तू 'चालेल' म्हणतेस? तापाला घाबरून? ताप पाच दिवसांत उतरतो, बाई!"

बाहेरच्या बाकावर बसलेल्या लोकांची कुजबुज थांबली होती. डॉक्टरीणबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी इंजेक्शन भरलं, दाढ बधिर केली, तात्पुरतं सिमेंट भरलं. काम होईपर्यंत दोघींच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

काकूंना घरी न्यायला काका आले. पोस्टात पत्रांची वर्गवारी करणारे, बारीक अंगाचे गृहस्थ. टोपी हातात घेऊन दारातच उभे राहिले. डॉक्टरीणबाईंच्या डोक्यात काय आलं कोण जाणे.

"काका, बसा इथे."

"मला काही होत नाही."

"बसा म्हणते ना!"

काका बसले, तोंड उघडलं. डॉक्टरीणबाईंनी दिवा खाली ओढला आणि बराच वेळ आरसा धरून राहिल्या.

"काकू, इकडे या. बघा."

काकूंनी वाकून पाहिलं. सगळे दात सपाट. काकूंपेक्षाही झिजलेले.

"तुम्ही पण?" अर्ध्या बधिर तोंडाने काकू म्हणाल्या.

काका उठून बसले. टोपी गोल गोल फिरवत म्हणाले, "मला तरी कुणी विचारलं होतं? दोघं भाऊ आधी उरकले, मग माझा नंबर. म्हणाले, मुलीत वाईट काही नाही."

"हे एकतीस वर्षांत बोलला नाहीत!"

"तू विचारलंस कधी?"

"मी विचारू? मी? तोंडासमोर पेपर धरून बसणाऱ्या माणसाला?"

"तू आलीस की तुझं तोंड असं व्हायचं, म्हणून पेपर!"

असं भांडण त्या खोलीत कधी झालं नसेल. एकतीस वर्षांची थकबाकी दोघं एकमेकांच्या पदरात घालत होते. बाहेरचे दोन रुग्ण दाढदुखी विसरून दाराशी येऊन उभे राहिले. मला मात्र त्या दोघांचा राग येत नव्हता. ज्यांनी दोन धडधाकट माणसांना 'वाईट नाही' एवढ्यावर एका घरात कोंबलं आणि मग पाठ फिरवली, त्यांचा येत होता. ते सगळे त्या दिवशी कुठे होते?

डॉक्टरीणबाईंनी त्याच दुपारी फोन केला. संध्याकाळी तो अधिकारी आला. बसला नाही. कोट हातावर घेऊन उभाच राहिला.

"मी काय चुकीचं केलं, तेवढं सांगा."

"काहीच नाही."

"मग?"

"तुम्ही मला मनापासून हवे आहात असं कधी वाटलंच नाही. मी घाबरले होते म्हणून हो म्हणाले."

"सहा महिने, डॉक्टर!" त्याचा आवाज चढला. "सहा महिने मी दर शनिवारी येत होतो. पहिल्या शनिवारी सांगता आलं नाही? मी काय बसचा थांबा होतो? दुसरी गाडी येईपर्यंत उभं राहायला?"

डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली नाही. "नाही सांगता आलं. ती माझी चूक आहे. पूर्णपणे माझी."

त्याने कोट अंगात चढवला. मग दार इतक्या जोरात लावून गेला की काचेच्या कपाटातल्या बाटल्या हलल्या. मला तो कधी आवडला नव्हता. पण त्या संध्याकाळी त्याचा राग खरा होता, आणि माझ्या लाडक्या डॉक्टरीणबाईंनी तो ओढवून घेतला होता. हेही सांगायला हवं. 'चालेल' म्हणणारा माणूस फक्त स्वतःलाच फसवत नाही.

दादा वर्षभर बोलले नाहीत. आई रडल्या, मग थांबल्या.

आता तुम्हाला वाटत असेल, पुढे एखाद्या दिवशी माझी दांडी दाबता दाबता हवा तसा माणूस भेटला असेल. नाही भेटला. डॉक्टरीणबाई शेहेचाळीस वर्षांच्या आहेत आणि एकट्या राहतात. काही संध्याकाळी वाईट जातात, हे मी पाहिलंय. दिवा बंद करून त्या उगाच थांबून राहतात. पण परत त्यांना ते सुईआधीचं हसू मोठ्या माणसासमोर हसताना मी पाहिलं नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या दोन मैत्रिणींना त्यांनी घराची किल्ली देऊन ठेवली आहे. ताप आला की त्या येतात.

काका-काकूंच्या दातांवर रात्री घालायची कवचं बसवली. ते अजून भांडतात. एकदा काकू हसून म्हणाल्या, "वीस वर्षं लावलेले पडदे त्यांना आवडतच नव्हते म्हणे! काल स्वतः स्टुलावर चढून काढले." त्यांचं सगळं ठीक झालं असं नाही. एकतीस वर्षं परत मिळत नसतात, आणि त्याचाच मला सर्वात जास्त राग आहे.

मला आता मागच्या खोलीत ठेवलंय. पुढे विजेवर चालणारी नवी खुर्ची आली. माझ्यातलं तेल आटलंय, वर खोकी रचलीत. माझी एवढीच विनंती आहे, मित्रांनो. तुमच्या घरात एखादी आत्या, मावशी, एखादे काका असतील, कमी बोलणारे, कुणाला त्रास न देणारे. आज त्यांना म्हणा, जरा 'आ' करा बघू. दात सपाट झालेले दिसले तर कोणती पेस्ट वापरता हे विचारू नका. त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "तुम्हाला काय हवं होतं?" मग ते बोलू लागले की मध्ये बोलू नका. कितीही वेळ लागो.