दोनशे सतरावा दगड

भूकंपात किल्ल्याचा दक्षिण तट ढासळला, तेव्हा सेगावा मिस्त्रींनी बागेच्या फाटकात उभं राहून सगळ्यांदेखत शब्द दिला होता, की बाग पुन्हा उघडेल त्या दिवशी प्रत्येक दगड आपापल्या जागेवर असेल. बदली दगड एकही नाही. तटाचं काम करणाऱ्यांची रीतच तशी होती. पडलेल्या दगडावर खडूने नंबर घालायचा, मैदानात ओळीने मांडायचा, जुन्या फोटोंत त्याची जागा हुडकायची आणि तिथेच तो परत बसवायचा. मिस्त्री माणूस हट्टी, पण हाताचे खरे. अडीच वर्षांत मैदान रिकामं झालं आणि तटात मधोमध एकच भगदाड उरलं, दोनशे सतराव्या दगडाचं.

त्यांनी खंदक उपसला, चहाच्या टपरीमागची माती चाळली. दगड मिळेना.

"मिस्त्री, नवा घडवा आता," नगरपालिकेच्या हातानोबाई म्हणाल्या. "परवा फाटक उघडायचंय. एका दगडासाठी किती अडून बसाल?"

"फोटोत आहे ना? मग कुठेतरी असणारच."

बाईंनी दोन फोटो पुढे केले. किल्ल्याची बाग झाली त्या वर्षीचे, दोन दिवसांच्या अंतराने काढलेले. पहिल्यात तटाला तेच भगदाड होतं आणि शेजारी डोक्याला फडकं बांधलेला एक म्हातारा गवंडी उकिडवा बसला होता.

"हाही तुमच्यासारखाच हटवादी दिसतोय," बाई हसल्या.

दुसरा फोटो उद्घाटनाचा. तट पूर्ण होता आणि त्यापुढे सगळे कामगार नटूनथटून उभे होते. म्हातारा त्यांच्यात नव्हता. मिस्त्रींनी दोनदा पाहिलं आणि फोटो परत दिले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते एकटेच परांचीवर चढले. टेपने भगदाडाची रुंदी, उंची, खोली मोजली. तरी समाधान होईना, म्हणून स्वतःच आत शिरून पाठ टेकवून पाहिली. खांदा डाव्या कोपऱ्यात गेला, दुमडलेले गुडघे उजव्या कडेला लागले, कुठे बोटभरही फट राहिली नाही. अडीच वर्षं ठणकणारी कंबर एकदम गप्प झाली. इतकं बरं वाटलं, की त्यांना रडूच आलं. शब्द खाली पडणार नव्हता.

"मिस्त्री, जेवायला चला!" खालून हाक आली.

ओ द्यावीशी वाटली, पण हललं तर वरचा थर सुटला असता.

थोड्या वेळाने हातानोबाई धापा टाकत वर आल्या. त्यांनी समोर, अगदी मिस्त्रींकडेच पाहिलं, आणि बाईंचा चेहरा उजळला.

"सापडला म्हणायचा एकदाचा," त्या पुटपुटल्या, आणि खिशातून खडू काढून त्यांनी मिस्त्रींच्या कपाळावर दोनशे सतरा लिहिलं.