फाटकाची चाचणी

मिस्त्रींनी आयुष्यात जेवढी फाटकं केली, त्यांतलं एकही त्यांनी जनावराला विचारल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या ताब्यात दिलं नाही. ही त्यांची जुनी खोड. फाटक बसवून झालं, मालक खूश झाला, चहा आला, तरी मिस्त्री जागचे हलायचे नाहीत. "आधी त्याला आणा," म्हणायचे. 'तो' म्हणजे ज्याला अडवण्यासाठी हा सगळा खटाटोप केला तो. बैल असेल तर बैल, घोडा असेल तर घोडा. मग त्याला आत सोडायचं, फाटकाबाहेर हिरवा चारा टाकायचा, आणि मिस्त्री स्टुलावर बसून बघत राहणार. जनावराने ढुशा दिल्या, अंग घासलं, कडी चाटून बघितली आणि शेवटी कंटाळून पाठ फिरवली, की ते उठायचे आणि म्हणायचे, "पास." एका आडदांड वळूने पाठ फिरवायला अख्खी दुपार लावली होती. मालक वैतागून जेवायला निघून गेला, मिस्त्री मात्र उपाशीपोटी तिथेच.

मिस्त्रीणही उपाशीच, हे वेगळं सांगायला नको. लग्न होऊन आली तेव्हा लोकांनी तिला काय काय दिलं असेल ते असेल, मिस्त्रींनी तिच्या हातात फळीचं दुसरं टोक दिलं आणि म्हणाले, "धर घट्ट." ते टोक तिने आजवर सोडलं नव्हतं. कापताना धरलं, रंधा मारताना धरलं, खांब पुरताना धरलं. गावात कुणी तिला नावाने हाक मारत नसे. मिस्त्रीची बायको म्हणून मिस्त्रीण, आणि तिचीही त्याबद्दल कधी तक्रार नव्हती.

पण गेल्या काही वर्षांत मिस्त्रींच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटायला लागली होती. आधी माणसांची नावं गेली, मग सकाळी काय खाल्लं ते, मग सकाळ झाली होती की नाही तेही. गंमत म्हणजे हात होते तसेच होते. पटाशी हातात दिली की हात आपोआप कामाला लागायचे. जुनं होतं ते सगळं हातांत शाबूत होतं, नवीन काही घातलं की गळक्या बादलीतल्या पाण्यासारखं निघून जायचं.

आणि ते घरातून निघून जात. घर शेतात होतं, चारी बाजूंनी दाट काटेरी कुंपण, त्यातून मांजरसुद्धा जायला कुरकुर करेल. बाहेर पडायची वाट एकच, आणि त्या वाटेपुढे मोठा रस्ता. ट्रक तिथून असे जात की घरातली भांडी वाजायची. मागच्या खेपेला मिस्त्री तिला सापडले ते रस्त्याच्या मधोमध, दुभाजकावर बसलेले. लोखंडी कठडा वितीने मोजत होते. ती अलीकडे, ते पलीकडे, आणि मधून ट्रकमागून ट्रक. हाक मारावी तर ते उठून सरळ चालत येतील, न मारावी तर कधी उठतील याचा नेम नाही. तेवढा वेळ ती तोंडावर हात दाबून उभी राहिली. त्या दिवशी तिला पक्कं कळलं, पुढच्या वेळी मिस्त्री परत येणार नाहीत.

वाटेवरच्या जुन्या फाटकाला कुलूप लावून बघितलं नव्हतं असं नाही. लावलं, आणि दुसऱ्या दिवशी बघते तर कुलूप कोयंड्यात जसंच्या तसं लटकतंय आणि फाटक दुसऱ्या बाजूने सताड उघडं. मिस्त्रींनी चमच्याच्या दांड्याने बिजागरीचे स्क्रू काढले होते, आणि ते हरवू नयेत म्हणून खांबावर ओळीने मांडूनही ठेवले होते. मग तिने रात्री त्यांच्या मनगटाला दोरी बांधायला सुरुवात केली. दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला. त्यांनी कूस बदलली की ही दचकून उठणार. दिवसा न्हाणीघराचं दार लावून अंघोळ करायची सोय नाही, बहिणीकडे एक दिवस जायची सोय नाही, डोळ्याला डोळा लागायची तर गोष्टच सोडा. कोंडायचं होतं त्यांना, आणि कोंडली गेली होती ती. कधी कधी तिला त्यांचा इतका राग यायचा की ती शेडमध्ये जाऊन लाकडाच्या ढिगाला लाथ मारायची. मग पाय धरून बसायची आणि स्वतःच्याच नावाने बोटं मोडायची.

शेजारच्या गोठेवाल्याला हे सगळं माहीत होतं. दोनदा त्यानेच मिस्त्रींना धरून आणलं होतं. तो एकदा कुंपणापलीकडून हसत म्हणाला, "वहिनी, मिस्त्रींना अडवेल असं फाटक करणारा एकच माणूस आहे, आणि तो तुमच्याच घरात बसलाय."

तो थट्टा करून गेला. मिस्त्रिणीच्या मात्र ते डोक्यातच बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहाचा कप मिस्त्रींपुढे ठेवला आणि नजर चुकवत म्हणाली, "अहो, गिऱ्हाईक आलं होतं. शेताचं फाटक पाहिजे. चांगलं भक्कम."

मिस्त्रींची मान वर झाली. कित्येक महिन्यांत तिने ती अशी वर झालेली बघितली नव्हती. "जनावर कुठलं?"

"आहे एक. सारखं पळून जातं."

"मोठं?"

तिने विचार न करता हात वर केला. मिस्त्रींच्या खांद्याइतका.

"घोडा म्हण की," ते म्हणाले. "धडका देतं?"

"नाही हो. गरीब आहे. फक्त उघडतं आणि जातं. काहीही लावा, बोटांनी सगळं..." तिने जीभ चावली. "म्हणजे ओठांनी."

मिस्त्रींनी तिच्याकडे बघितलं. मग कपातला चहा एका घोटात संपवला. "हुशार दिसतंय. चल, माप घेऊ."

शेडमध्ये मोडक्या लाकडी पुलाच्या तुळया पडून होत्या, वर्षानुवर्षं पाणी आणि ऊन खाऊन दगडासारख्या झालेल्या. मिस्त्रींनी त्यांतल्या दोन बाजूला काढल्या. एकीला त्यांनी बोटाने ठोकून बघितलं, दुसरीला वास घेऊन. फाटकाचं चित्र त्यांनी जमिनीवर खडूने, खऱ्या मापाचंच काढलं आणि तिला त्याच्याभोवती फिरवून सगळं समजावलं, जणू तिने हे कधी बघितलंच नव्हतं. बिजागरीकडचा उभा दांडा सगळ्यात जाड, कारण सगळा भार त्याच्यावर. टोकाकडचा हलका. आणि तिरपा दांडा खालच्या बिजागरीपाशी सुरू होऊन वर कडीच्या टोकाला गेला पाहिजे. "उलटा लावलास तर फाटक वर्षभरात नाक खाली घालतं," ते म्हणाले. "वजन खाली बिजागरीवर टेकू दे. माणसालाही कुठेतरी टेकायला लागतंच."

"आणि आडव्या पट्ट्या?" तिने विचारलं. त्यांचा एक गुडघा आखडलेला होता खरा, पण तिला धोका पत्करायचा नव्हता. "त्यावर पाय देऊन चढलं तर?"

"घोडा?"

"त्याचं काही सांगता येत नाही."

मिस्त्री हसले. खो खो हसले. मग म्हणाले, "बरं, आतून उभ्या फळ्या मारू. पाय ठेवायला जागाच नको." बिजागरीचे बोल्टही तिने बाहेरच्या बाजूने कसायला लावले, त्याला त्यांनी काही हरकत घेतली नाही. नुसतंच "हूं" केलं.

काम चाललं तेवढे दिवस मिस्त्री कुठेही गेले नाहीत. सकाळी उठल्यावर त्यांना काहीच आठवत नसे, पण ती हात धरून शेडमध्ये नेई, जमिनीवरचं खडूचं चित्र दिसे आणि हात पुढचं काम उचलत. एका लाकडात चौकोनी भोक, दुसऱ्याच्या टोकाला जीभ, दोन्ही एकमेकांत बसली की आरपार लाकडी खुंटी. खिळा एकही नाही. रोज ते विचारत, "जनावर कुठलं?" आणि रोज तिला नव्याने खोटं बोलावं लागे. रोज थोडं थोडं खरं त्यात मिसळत गेलं. "म्हातारं आहे," ती एकदा म्हणाली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "पूर्वी फार कामाचं होतं." ते ऐकून घेत आणि रंधा मारत राहत.

कडीवर मात्र ते अडले. दोन-तीन खटके करून बघितले, आणि प्रत्येक वेळी स्वतःच डोकं हलवून मोडून टाकले. शेवटी एका दुपारी ते स्टुलावर बसून बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिले.

"पळणाऱ्याला काय पाहिजे असतं?" त्यांनी विचारलं.

"बाहेर जायचं असतं."

"मग तो काय करतो?"

"ओढतो."

"ओढतो!" मिस्त्रींनी मांडीवर थाप मारली. "जेवढी सुटायची घाई, तेवढं जास्त ओढतो."

त्यांनी केलेली कडी अगदी साधी होती. एक जाड लाकडी अडसर, खांबाच्या खाचेत सरकणारा, आणि त्याला अडवून धरणारी वरून पडणारी एक खुंटी. अडसर उघडायच्या दिशेला ओढला की खुंटी आणखी घट्ट आवळायची. ओढा, आणखी ओढा, आणखी आवळेल. सोडवायची तर आधी अडसर उलटा, बंद करायच्या दिशेला ढकलायचा. मग खुंटी सैल होते, ती उचलायची, आणि मग ओढायचं.

"आधी आत ढकल, मग उचल, मग ओढ," मिस्त्री म्हणाले. "पाठ कर. ज्याला बाहेर पडायची घाई आहे, तो बंद करायच्या बाजूला कधीच ढकलणार नाही."

मिस्त्रिणीने पाठ केलं. हाताची सवय होईपर्यंत केलं. तिला वाटलं होतं, कडी जमली की आपल्याला हायसं वाटेल. तसं काही झालं नाही.

फाटक घराच्याच वाटेवर बसवलं. गिऱ्हाइकाकडे पोचवायच्या आधी इथे लावून बघू, असं तिने सांगितलं. गोठेवाल्याने खांब उभे करायला हात लावला. मिस्त्रींनी बिजागरीकडचा खांब केसभर कलता ठेवायला लावला, म्हणजे फाटक सोडून दिलं की आपलं आपण येऊन बंद होईल. झालंही तसंच. फाटक सावकाश आलं, अडसर खाचेत गेला, खुंटी पडली. खट्.

मिस्त्री स्टूल घेऊन आतल्या बाजूला बसले. "आणा त्याला," म्हणाले.

ही खोड मिस्त्रीण विसरली होती. सगळी फाटकं जिने धरली, ती हेच नेमकं विसरली. तिने गोठेवाल्याकडे बघितलं. तो बिचारा धावत जाऊन आपली गाय घेऊन आला. गायीला आत सोडलं, बाहेर चारा टाकला. गायीने एक ढुशी दिली, अडसर चाटला, आणि कुंपणाजवळचं गवत खात उभी राहिली.

"पास झालं ना हो?" मिस्त्रीण घाईने म्हणाली.

मिस्त्रींनी मान हलवली. "हे ते जनावर नाही. तू सांगितलं होतंस ते वेगळं. म्हातारं. खांद्याइतकं. बोटांनी उघडणारं."

किती दिवसांचं बोलणं त्यांच्यात कुठे साठून राहिलं होतं, देव जाणे. गोठेवाला चपलांकडे बघत राहिला.

मिस्त्री उठले. फाटकापाशी गेले आणि अडसराला हात घातला. ओढला. खुंटी आवळली. त्यांनी दुसरा हात लावून जोर केला. मग खुंटी उचलायला गेले, ती हलेना. पुन्हा ओढला. मानेच्या शिरा ताठल्या. बाहेर ट्रक जात होते. मिस्त्रिणीने ओठ दाताखाली धरला.

ते थांबले. तिच्याकडे न वळता म्हणाले, "यात काहीतरी उलटं करायचं असतं ना?"

"हो," ती म्हणाली. "सांगू?"

"नको सांगू."

आणखी एकदा त्यांनी अडसर ओढून बघितला, शेवटचं, फारसा जोर न लावता. मग फाटकाकडे पाठ फिरवली.

"पास," ते म्हणाले. तिच्याजवळ आले, तिच्या मनगटावरचा दोरीचा वळ अंगठ्याने चोळला. "जा, आता तू जरा झोप."

गोठेवाला गाय घेऊन गेला. त्याला बाहेर सोडायला मिस्त्रिणीने स्वतः कडी काढली. आत ढकल, उचल, ओढ. मग फाटक आपलं आपण परत आलं आणि बंद झालं. ती घरात जाऊन भर दुपारी आडवी झाली, दोरी न बांधता.

थोड्या वेळाने बाहेरून आवाज आला. अडसर ओढल्याचा, खुंटी आवळल्याचा. मग मिस्त्रींचा आवाज, मोठ्याने, कौतुकाने, "अगं, हे कुणी केलंय? पक्कं काम आहे." पुन्हा अडसर. पुन्हा खुंटी. ते सगळं विसरले होते. फाटक विसरणार नव्हतं.

उठून जावं, कडी काढावी, त्यांचा हात धरून रस्त्यापर्यंत तरी फिरवून आणावं, असं तिच्या मनात आलं. पण आवाज येतोय तोवर मिस्त्री आत आहेत, हेही तिला कळत होतं. खट्. खट्. त्या आवाजातच तिला झोप लागली. गेल्या कित्येक वर्षांत लागली नव्हती इतकी गाढ. याबद्दल तिने स्वतःला कधीच माफ केलं नाही, पण त्यानंतर तिला झोप मात्र रोज लागत गेली.