घड्याळजींच्या नाकापाशी माझी सेवा

मित्रांनो, ज्यांनी मोठमोठे पूर एकट्याने छातीवर झेलले, त्या शूरवीरांत माझी गणना व्हायला हवी. मी एक जुना रुमाल आहे.

ताग्यातून कापून, चारी कडा दुमडून मला शिवलं, तेव्हा एखाद्या कोटाच्या वरच्या खिशात ऐटीत बसायची माझी स्वप्नं होती. नशिबी आलं घड्याळजींचं नाक. गवत फुलोऱ्यावर आलं की त्यांना शिंकांची उबळ यायची. डोळ्याला भिंग लावून, घड्याळातली केसासारखी बारीक कमान चिमट्याने उचलावी आणि आक्छी! कमान गायब. गल्ल्यावर बसणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे अक्कांना, राहवायचं नाही. "अरे, घड्याळं दुरुस्त करतोस की पेरतोस?"

सगळे हसत. पण गिऱ्हाईक ओसरू लागलं, तशी एकदा मला नाकाला लावून ते म्हणाले, "अक्का, आता दुकानाला कुलूपच लावतो."

अक्कांनी कुलूप लपवलं आणि भावाला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. अंगाला सवय व्हावी म्हणून बाईंनी गवताचेच परागकण औषधातून थोडे थोडे टोचायला घेतले.

"म्हणजे चोरालाच घरजावई करायचं?" घड्याळजी पुटपुटले. पण दंड पुढे केला.

काही महिन्यांनी रक्त तपासलं, तर शिंका आणणारी प्रतिपिंडं उलट वाढलेली! घड्याळजींचा न्याय सरळ. घड्याळ पुढे गेलं की काटा मागे घ्यायचा. "झालं! बंद करा ही सुई."

"तुम्ही एकच काटा बघून वेळ सांगता का हो?" बाई म्हणाल्या. "सुरुवातीला ती वाढतातच. पण दुसऱ्या जातीची प्रतिपिंडं बघा, त्याहून कितीतरी पटींनी वाढलीत. ती परागकणाला वाटेतच धरतात, त्या भांडखोरांपर्यंत पोचू देत नाहीत. जरा दम धरा."

घड्याळजी अक्कांकडे बघू लागले. अक्का म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघतोस? बाही वर कर."

पुढच्या फुलोऱ्यात खिडकी सताड उघडी होती. घड्याळजींनी कमान उचलली. नाक हुळहुळलं. मी खिशात कंबर कसली. अक्कांनी श्वास रोखला. आणि कमान अलगद जागेवर बसली! टिकटिक सुरू झाली, तसे घड्याळजी लहान मुलासारखे टाळ्या पिटत उठले. अक्कांनी डोळे पुसायला मलाच ओढलं. नाकाबाहेरचं हे माझं पहिलं काम.

आता मी जवळपास बेकार आहे, आणि इतका सुखी कधीच नव्हतो. तेव्हा मित्रांनो, उपचार अर्ध्यावर सोडू नका. शंका आली तर डॉक्टरांना विचारा.

आणि हो, मला धुतल्यावर ओलाच खिशात कोंबू नका. सर्दी होते.