तराजू येईपर्यंत

व्हिक्टोरियाबाईच्या घरात ओल्या हातानं शिरायची कुणाची टाप नव्हती. पाहुणा असो की पाद्रीबाबा, आधी ओसरीवर हात पुसायचे, मग आत. चुलीमागच्या कोपऱ्यात तिची मोहाच्या सुक्या फुलांची कणगी होती, आणि तिच्या हिशेबी त्या कणगीपुढे पाद्रीबाबाही नंतर.

मोह साठवण्यात काय मोठं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा साठवून पाहावा. श्रावण लागेस्तोवर बुरशीचं ढेकूळ हातात येतं. व्हिक्टोरियाबाई चैत्रात स्वतः कल्याणच्या बाजारात जायची, खडवलीकडच्या रानातल्या बाया फुलं घेऊन यायच्या त्यांच्याशी भांडभांड भांडून माल घ्यायची आणि खाडीतून होडीनं घरी आणायची. मग ऊन. लालसर तपकिरी होईस्तोवर ऊन. मूठभर फुलं दाबायची आणि मूठ उघडायची. सुटी झाली तर कणगीत, गोळा झाला तर पुन्हा अंगणात. कणगी आतून शेणानं सारवलेली, खाली दगड, तळाला भाताचा तूस, मधे मधे कडुनिंबाचा वाळलेला पाला. चुलीची ऊब लागावी पण आच लागू नये, एवढ्या अंतरावर. भर पावसात आमच्या भिंतींना पाझर सुटायचे तेव्हा तिच्या कणगीत एक फूल दुसऱ्याला चिकटत नसे.

त्या वर्षी तिनं नेहमीच्या दुप्पट मोह भरला होता, कारण नाताळानंतर तिच्या मुलाचं, लिनोचं लग्न होतं. आमच्या पाड्यात, म्हणजे ठाणे आणि कल्याणच्या मधे खाडीकाठी जो आमचा किरिस्तावांचा आणि कोळ्यांचा मिळून पाडा आहे तिथं, लग्नाच्या मांडवात घरचा, घरीच गाळलेल्या मोहाच्या दारूचा पेला फिरतो. पहिली धार उंबऱ्यावर, घरातल्या मेलेल्यांच्या नावानं. मग प्रत्येक घरच्या कर्त्यानं एक घोट घ्यायचा आणि पेला पुढं द्यायचा. ज्यानं घोट घेतला तो त्या लग्नाच्या पाठीशी उभा. पेला घरचाच हवा. विकतचा पेला म्हणजे विकतची माणसं, असं आमचे म्हातारे म्हणायचे.

घरच्या भट्टीवर सरकारनं आधीच बंदी घातली होती, पण ती आम्ही कानाआड केली होती. लग्नाकार्याला रात्री दोन मडकी चुलीवर चढायची आणि सकाळी त्याच मडक्यांत डाळ शिजायची. ते सरकारच्या ध्यानात आलं असावं. म्हणून आता त्यांनी फुलांवरच हात घातला. दवंडी पिटली गेली : घरात चिमूटभरापेक्षा जास्त मोह सापडला तर जप्ती, आणि घरातल्या पुरुषाला ठाण्याचा तुरुंग. आणि दवंडीचा आवाज विरतोय तोवर मक्तेदाराचं दारूचं दुकान वेशीवर उघडलं. योगायोगच म्हणायचा! त्या दुकानातली दारू प्यायलेला माणूस शुद्धीत घरी यायचा आणि डोकं धरून झोपायचा, इतकं तिच्यात पाणी आणि इतकी तिच्यात घाण.

पाडा घाबरला. कुणी मोह खाडीत ओतला, कुणी सुक्या बोंबलांच्या टोपलीखाली घातला, कुणी मिठागराच्या खोपटात पुरला. व्हिक्टोरियाबाईची शेजारीण मालू कोळीण धावत आली.

"बाय, माझे होडीखाली ठेव. वर जाळी टाकते. कोनाचे बापाला कललं नाय पायजे."

"होडीखाली ओल नाय?"

"ओल तं हायच."

"मग? मोहाला कालोख चालतो, ओल चालत नाय. लपवाची जेवढी म्हनून जागा हाय ती समदी ओली हाय, मालू. माझा मोह जिथं हाय तिथंच बरा हाय. आनि मी काय चोरी केली?"

संध्याकाळी तिचा मोठा दीर अँब्रोज आला. पाड्यात त्याचा शब्द चालायचा, आणि चालतो हे त्याला फार ठाऊक होतं. ओसरीवरच बसला, हात पुसायला लागू नयेत म्हणून.

"अगं व्हिक्टोरी, खाडीत ओत आनि मोकली हो. दुकानातनं आनू पिंपभर. पोराचं लगीन महत्त्वाचं का फुलं?"

"दादा, तुमचे भावाचे नावानं उंबऱ्यावर दुकानाचं पानी ओतू? तुमी घ्याल तो घोट?"

त्यानं तो घोट घेतला नसता हे दोघांनाही माहीत होतं. पण घेतला नसता म्हणून लग्न अडलं असतं, आणि मोह ठेवला तर नवरदेवच तुरुंगात जायचा. एवढं सगळं समजूनही ती बाई हलली नाही. मी तिला शहाणी म्हणणार नाही. पण सगळा पाडा शहाणपणानं खाडीत ओतत असताना एकीनं तरी ओतलं नाही, याचं मला आजही बरं वाटतं.

लग्नाला आठवडा उरला असताना अबकारीचा सहदेव जमादार आला. सोबत मक्तेदाराचा माणूस, काळुराम. चुगली कुणी केली ते विचारू नका. काळुराम आदल्या दिवशी पाड्यात सगळ्यांना फुकट पाजत फिरत होता, एवढंच सांगतो.

"हात पुसा," व्हिक्टोरियाबाई दारातून म्हणाली.

जमादारानं मुकाट्यानं पुसले. काळुरामनं पुसले नाहीत, सरळ आत जाऊन कणगीवरचं झाकण काढलं आणि ओरडला, "हे घ्या! एवढा मोह कशाला लागतो, बाई?"

"खाव्हाला."

"खायला!" काळुराम हसत सुटला. "जमादारसाहेब, हे लोक मोह खातात म्हणे!"

त्याचं हसणं आम्हाला झोंबलं, कारण त्यानं वर्मावर बोट ठेवलं होतं. मोह पिणं ही आमच्याकडे इभ्रत होती. मोह खाणं नव्हे. मोह खातात ते रानातले, ज्यांच्या घरात तांदूळ संपलेला असतो ते. दुष्काळात आमच्याही आज्यांनी शिजवून खाल्ला होता, पण दार लावून. उघडपणे कुणी कबूल केलं नसतं.

जमादार कायद्यानं चालणारा माणूस होता. जप्ती करायची तर वजन करायला हवं, आणि वजनाला सरकारी तराजू आणि पंच हवेत. तो काळुरामला म्हणाला, "तू ठाण्याच्या कचेरीतून तराजू आण. मी इथं बसतो. तराजू येईपर्यंत एक फूल घराबाहेर जाता कामा नये."

"घराबाहेर नाय ना?" व्हिक्टोरियाबाईनं विचारलं.

"नाही."

"घरान शिजवला तं?"

जमादारानं जरा विचार केला. "शिजवू नये असं मला कुणी सांगितलेलं नाही."

काळुराम गेला आणि तिनं चुलीवर घरातलं सगळ्यांत मोठं भांडं चढवलं. लिनोला म्हणाली, "जा, समद्यांना सांग. व्हिक्टोरीचे घरी जेवान हाय. मोहाचं."

लिनोचा चेहरा उतरला. "आये, लग्नाचा मोह हाय तो. पेल्यात काय घालशील?"

"ते माना बी कलतंय," ती कणगीतून घमेलं भरत म्हणाली. "पन सरकारजमा होन्यापरीस माझे मानसांचे पोटान जाऊंदे. जा तू."

पहिली मालू आली. हात पुसून आत बसली आणि पान पुढं ओढलं. चिंचोक्यांबरोबर शिजवलेला मोह, वर थोडे तीळ. मालूनं खाल्ला आणि ओसरीकडे तोंड करून मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "आन अजून, बाय!" मग तिची सून आली, मग परशुराम नाखवा, मग एकेक करून घरं रिकामी झाली. एक पंगत उठायची, दुसरी बसायची. मोह गोड असतो, पण गोडावरही एक हद्द असते. माणसं घाम पुशीत खात होती. परशुराम नाखवा तर खांबाला टेकून म्हणाला, "होडी हलतेय काय रं?" पडवीतल्या बैलांनाही घमेलीभर मिळाला. पडवी घरातच धरतात.

जमादार दारात बसून मोजत असावा. घराबाहेर एक फूल जात नव्हतं. माणसं जात होती.

व्हिक्टोरियाबाईनं त्याच्यापुढेही पान ठेवलं. तो नको म्हणाला. मग पानावर वाकून वास घेतला. "आमची आई यात नाचणीचं पीठ घालायची," तो म्हणाला आणि पान जवळ ओढून घेतलं.

अँब्रोज सगळ्यांत शेवटी आला. दारात उभा राहिला. पाड्यातला पहिला माणूस, कोट घालून देवळात पुढच्या बाकावर बसणारा. मोहाच्या पानावर त्याला कुणी पाहिलं नव्हतं. तळाशी शेवटचं थोडं उरलं होतं. त्यानं ओसरीवर हात पुसले, आत येऊन भुईवर मांडी घातली आणि म्हणाला, "वाढ."

काळुराम तराजू आणि दोन पंच घेऊन आला तेव्हा कणगीत तूस आणि कडुनिंबाचा पाला होता. वरातीमागून घोडं! तो कणगीत डोकं घालून बोंबलला, "साहेब, मोह कुठाय?" जमादार ढेकर देऊन उठला. "वजन करायला काही शिल्लक नाही," तो पंचांना म्हणाला. काळुरामनं ठाण्यापासून आणलेला तराजू पुन्हा त्यालाच उचलून न्यावा लागला.

लग्नाच्या दिवशी मक्तेदारानं पिंप पाठवलं. भेट म्हणून. वर झेंडूचा हार घातलेला. दारूचा वास मांडवात आला आणि पाहुण्यांतले काही घोटाळले, खोटं कशाला बोलू. तोंडं कोरडी होती आणि दिवस लग्नाचा होता. व्हिक्टोरियाबाईनं पिंपाकडे पाहिलंही नाही. तिनं पेला घेतला, विहिरीच्या पाण्यानं भरला आणि सगळ्यांदेखत उंबऱ्यावर पहिली धार सोडली. नवऱ्याचं नाव घेतलं, सासऱ्याचं घेतलं. मग पेला अँब्रोजपुढं धरला.

"घरचं हाय, दादा. दुसरं काय बी नाय माझेजवल."

लुर्दस, नवी नवरी, लिनोचं बोट घट्ट धरून उभी होती. अँब्रोजनं पेला दोन्ही हातांनी घेतला. एक घोट घ्यायचा असतो. तो अर्धा पेला प्याला, मिशा पुसल्या आणि पेला परशुरामाच्या हातात दिला. परशुरामानं पुढं दिला. पेला सगळ्या मांडवात फिरला, दोनदा भरावा लागला. हार घातलेलं पिंप ज्या गाडीतून आलं त्याच गाडीतून परत गेलं.

दुसऱ्या दिवशी जमादार रस्त्यानं जाताना थांबला. व्हिक्टोरियाबाई अंगणात बसून रिकामी कणगी शेणानं सारवत होती, आणि लुर्दस तिच्या हाताशी शेण कालवून देत होती.

"बाई, कायदा तसाच आहे हं," तो म्हणाला. "पुढल्या चैत्रात मी येणार."

"ये ना," ती कणगीतून डोकं न काढता म्हणाली. "येताना हात पुसून ये."